तपासणीच्या खोलीत न निघणारा विषय

गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीला आलेल्या स्त्रीला डॉक्टर काय काय विचारतात, हे आठवून पाहावे. शेवटची पाळी कधी आली, आधीची बाळंतपणे कशी झाली, घरात कुणाला मधुमेह किंवा रक्तदाब आहे का, कोणती औषधे चालू आहेत, तंबाखूची किंवा दारूची सवय आहे का. घराच्या भिंतींचा रंग किती जुना आहे, पिण्याचे पाणी कोठून येते, कामावर कोणती रसायने हाताळावी लागतात, झुरळांसाठी घरात काय फवारले जाते, हे प्रश्न मात्र बहुधा निघत नाहीत. या दुसऱ्या यादीतल्या प्रश्नांमागे वैद्यकीय आधार नाही असे नाही. शिसे, पारा, कीटकनाशके यांचे गर्भावर आणि लहान मुलांवर होणारे परिणाम अनेक दशके अभ्यासले गेले आहेत. तरीही ती यादी तपासणीच्या खोलीपर्यंत पोहोचत नाही. ती का पोहोचत नाही, याविषयी डॉक्टर, परिचारिका आणि प्रसूतितज्ज्ञ स्वतः काय म्हणतात, हे समजून घेणे हा या लेखाचा विषय आहे.

डॉक्टरांचा या गोष्टींवर विश्वासच नसेल, असा तर्क पहिल्यांदा मनात येतो. प्रत्यक्ष पाहणीत तो टिकत नाही. अमेरिकेतील अडीच हजारांहून अधिक प्रसूतितज्ज्ञांनी भरून दिलेल्या प्रश्नावलीवर आधारलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. रुग्णाशी बोलून तिचा घातक रसायनांशी येणारा संपर्क कमी करता येईल, असे त्यातल्या ७८ टक्के डॉक्टरांनी मान्य केले. त्याच डॉक्टरांपैकी निम्म्यांनी आपण रुग्णाच्या घरची आणि कामाची अशी माहिती क्वचितच घेतो असे सांगितले, गरोदर स्त्रियांमध्ये सर्रास आढळणाऱ्या रसायनांविषयी नेमाने विचारणारे २० टक्क्यांहूनही कमी निघाले, आणि या विषयाचे काही प्रशिक्षण मिळालेले १५ जणांत एकच होते. बालरोगतज्ज्ञांचे चित्रही फारसे वेगळे नाही. जॉर्जिया राज्यातील बालरोगतज्ज्ञांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत निम्म्याहून अधिकांनी पर्यावरणातील संपर्कामुळे गंभीर त्रास झालेला निदान एक तरी रुग्ण पाहिला होता. त्याबद्दल पद्धतशीर विचारपूस कशी करावी हे शिकलेले मात्र पाचात एकही भरत नव्हते.

म्हणजे अडचण श्रद्धेची नाही. ठाऊक असणे आणि समोरच्या माणसाला सांगता येणे यांच्यामध्ये जे अंतर आहे, तिथे हा विषय अडकलेला आहे. ते अंतर कशाचे बनलेले आहे हे पाहण्याआधी ‘विष’ या शब्दाचा इथला अर्थ स्पष्ट करून घेतलेला बरा.

विष म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे साप, विंचू किंवा एखादी विषारी बुरशी येते. ही सजीवांनी तयार केलेली विषे झाली. इथे ज्या द्रव्यांविषयी बोलायचे आहे ती बहुतांशी माणसाच्या उद्योगातून वातावरणात आलेली आहेत: जुन्या रंगातले आणि जुन्या नळांतले शिसे, कोळसा जाळल्याने आणि खाणकामातून हवेत व पाण्यात गेलेला पारा, शेतातली आणि घरातली कीटकनाशके, प्लॅस्टिक मऊ करणारी थॅलेट, कडक प्लॅस्टिकमध्ये आणि डब्यांच्या आतल्या लेपात वापरले गेलेले बिस्फेनॉल ए, तेल आणि पाणी चिकटू न देणाऱ्या लेपांतली पीफास गटातली रसायने. यांतल्या काहींचा माग प्रत्येकाच्या शरीरात लागतो, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही. अमेरिकेतील २६८ गरोदर स्त्रियांच्या रक्तालघवीच्या २००३-०४ मधील नमुन्यांचे विश्लेषण २०११ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा थॅलेट, फिनॉल (बिस्फेनॉल ए याच गटातले), पीफास, क्लोरिनयुक्त जुनी कीटकनाशके अशा कितीतरी गटांतली काही रसायने तपासलेल्या ९९ ते १०० टक्के स्त्रियांत सापडली.

एखादे रसायन शरीरात सापडणे म्हणजे आजार होणे नव्हे. किती मात्रा, किती काळ आणि वयाच्या कोणत्या टप्प्यावर, या तीन गोष्टींवर सगळे अवलंबून असते. त्यातली तिसरी गोष्ट विशेष महत्त्वाची आहे, कारण गर्भाचे अवयव ठरावीक आठवड्यांत घडतात आणि त्या आठवड्यांत झालेली इजा नंतर भरून निघतेच असे नाही. १९५७ साली बाजारात आलेल्या आणि १९६१ च्या अखेरीस मागे घेण्यास सुरुवात झालेल्या थॅलिडोमाइडने हा धडा फार क्रूरपणे शिकवला. आईला त्या औषधाचा विशेष त्रास झाला नाही. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या काही आठवड्यांत ते घेतले गेले असेल, तर बाळाचे हातपाय अर्धवट राहिले.

एका माणसाला काय सांगायचे?

डॉक्टर जी पहिली अडचण सांगतात ती पुराव्याच्या स्वरूपाची आहे, आणि माझ्या मते तीच सर्वांत खोल आहे. औषध परिणामकारक आहे की नाही हे ठरवण्यासाठी दोन गट करतात, एकाला औषध देतात, दुसऱ्याला देत नाहीत, आणि फरक मोजतात. शिशाच्या किंवा कीटकनाशकाच्या बाबतीत असा प्रयोग करणे अनैतिक आहे. मुलांना शिसे पाजून काय होते ते कुणी पाहू शकत नाही. त्यामुळे आपोआप संपर्कात आलेल्या मोठ्या समूहांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवून निष्कर्ष काढावे लागतात. असा पुरावा कमअस्सल नसतो, धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंधही असाच सिद्ध झाला. तो समूहाविषयी बोलतो, समोर बसलेल्या व्यक्तीविषयी बोलत नाही, एवढेच.

शिशाचे उदाहरण घेऊ. वेगवेगळ्या देशांतल्या सात अभ्यासांमधील १,३३३ मुलांची माहिती एकत्र करून केलेले विश्लेषण २००५ साली प्रसिद्ध झाले. रक्तातले शिसे प्रति डेसिलिटर २.४ मायक्रोग्रॅमवरून १० पर्यंत चढले की सरासरी बुद्ध्यंक ३.९ गुणांनी घसरतो, १० ते २० या टप्प्यात आणखी १.९ गुणांनी आणि २० ते ३० या टप्प्यात १.१ गुणांनी, असे त्यात दिसले. घसरण सुरुवातीलाच सर्वांत तीव्र आहे, ही यातली ध्यानात घेण्याजोगी गोष्ट. आता चार गुणांचा फरक एका मुलात कुणालाही कळणार नाही. ते मूल शाळेत जाईल, खेळेल, कदाचित वर्गात पहिलेही येईल. संपूर्ण लोकसंख्येची सरासरी मात्र चार गुणांनी सरकली, तर खालच्या टोकाला विशेष मदत लागणाऱ्या मुलांची संख्या बरीच वाढते. डॉक्टरांसमोर लोकसंख्या बसलेली नसते, एक आई आणि एक मूल बसलेले असते. ‘माझ्या मुलाला काय होईल?’ या तिच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर ‘बहुधा तुम्हाला काहीच जाणवणार नाही, तरीही हे टाळायला हवे’ असे आहे, आणि हे उत्तर देणे वाटते तितके सोपे नाही.

त्यात भर म्हणून सुरक्षिततेची रेषा सतत सरकत आली आहे. अमेरिकेत मुलांच्या रक्तात प्रति डेसिलिटर ६० मायक्रोग्रॅम शिसे १९६० च्या दशकात चालण्याजोगे मानले जात होते. पुढे ती मर्यादा ४०, ३०, २५ अशी उतरत १९९१ साली १० वर आली, २०१२ मध्ये ५ झाली आणि २०२१ मध्ये ३.५. शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित म्हणता येत नाही, अशी आता जागतिक आरोग्य संघटनेचीही भूमिका आहे. बिस्फेनॉल ए च्या बाबतीत हे सरकणे आणखी मोठे आहे: युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ साली त्याची दैनंदिन मर्यादा आधीच्या मर्यादेच्या २०,००० पटींनी खाली आणली. रेषा जेव्हा अशी हलते तेव्हा आज ‘काळजी नको’ म्हणणाऱ्या डॉक्टरला उद्या शब्द मागे घ्यावा लागण्याची भीती असते, आणि आज ‘काळजी घ्या’ म्हणणाऱ्याला उगाच घाबरवल्याचा ठपका येतो. गप्प राहणाऱ्याला मात्र कुणी जाब विचारत नाही.

घाबरवण्याची भीती

प्रसूतितज्ज्ञांच्या मुलाखतींत सतत पुढे येणारा मुद्दा रुग्णाच्या चिंतेचा आहे. गरोदर स्त्री आधीच शंभर सूचनांच्या ओझ्याखाली असते. तिला आणखी एका अदृश्य शत्रूची ओळख करून दिली तर तिची झोप उडेल, आणि तो शत्रू टाळणे तिच्या हातात नसेल तर हाती फक्त अपराधीपणा उरेल, असे अनेकांना वाटते. ही भीती निराधार नाही, आणि तिचा सर्वांत चांगला पुरावा माशांचा आहे.

पारा पाण्यात गेला की सूक्ष्म जीव त्याचे मिथिल मर्क्युरीत रूपांतर करतात. लहान मासे ते खातात, मोठे मासे लहान माशांना खातात, आणि साखळीत वर जावे तसे त्याचे प्रमाण वाढत जाते. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातून हेच विष माणसांपर्यंत पोहोचले. १९५६ साली त्या आजाराची अधिकृत नोंद झाली, आणि स्वतः फारशा आजारी नसलेल्या मातांच्या पोटी मेंदूला जबर इजा झालेली बाळे जन्मल्याचे पुढे उघड झाले. अमेरिकेच्या सरकारने २००१ साली गरोदर स्त्रियांना शार्क, स्वोर्डफिश, किंग मॅकरेल, टाइलफिश हे मोठे मासे टाळण्याचा सल्ला दिला, तो रास्तच होता. मात्र मॅसॅच्युसेट्समध्ये गरोदर स्त्रियांच्या आहाराचा चालू असलेला अभ्यास जेव्हा तपासला गेला, तेव्हा सल्ल्यानंतर त्यांनी एकूणच मासे खाणे कमी केल्याचे दिसले. माशांतली मेदाम्ले बाळाच्या मेंदूसाठी उपयोगी असतात. ‘हे चार मासे टाळा, बाकीचे खा’ हा निरोप पोहोचेपर्यंत ‘मासे टाळा’ एवढाच उरला होता. म्हणून आजच्या सल्ल्यात काय खावे हे आधी सांगितले जाते: सामन, सार्डिन यांसारखे कमी पाऱ्याचे मासे आठवड्याला सुमारे २२५ ते ३४० ग्रॅम, आणि मग टाळायची छोटी यादी.

आईच्या दुधाविषयी बोलताना हीच अडचण आणखी धारदार होते. चरबीत साठणारी काही रसायने दुधातून बाळाकडे जातात, हे खरे आहे. स्तनपानाचे फायदे जवळजवळ नेहमीच त्या धोक्याहून मोठे आहेत, हेही खरे आहे. या दोन वाक्यांपैकी पहिलेच ऐकले गेले तर नुकसान होईल, या धास्तीने अनेक जण दोन्ही वाक्ये गिळून टाकतात.

तरीही चिंतेचा हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. रुग्णाला या गोष्टी कळणारच नाहीत, असे त्यात गृहीत धरलेले आहे. प्रत्यक्षात ती घरी जाऊन मोबाइलवर शोधते, आणि तिथे तिला शरीर ‘शुद्ध’ करणारे चहा, केसांची महागडी तपासणी आणि धातू बाहेर काढण्याचे उपचार विकणारे भेटतात. शरीरातले धातू बांधून बाहेर काढणारी औषधे खऱ्या विषबाधेत जीव वाचवतात, पण चुकीचे औषध चुकीच्या रुग्णाला दिले तर जीव घेतातही. २००३ ते २००५ या काळात अमेरिकेत अशा उपचारानंतर रक्तातले कॅल्शियम एकदम घसरून तीन मृत्यू झाल्याची नोंद आहे. आधी असे औषध देऊन मग लघवीतले धातू मोजायचे आणि वाढलेला आकडा दाखवून विषबाधा ठरवायची, ही पद्धत तर विषवैद्यकाच्या तज्ज्ञ संघटनेने स्पष्टपणे अमान्य केलेली आहे, कारण औषधाने निरोगी माणसाच्या लघवीतही धातू उतरतातच. डॉक्टरांच्या मौनाने चिंता कमी होत नाही. ती दुसऱ्या दुकानात जाते.

सांगून तरी काय उपयोग?

हा प्रश्न डॉक्टर आपसांत जास्त मोकळेपणाने विचारतात. रक्तदाब वाढला तर गोळी आहे. रसायन सापडले तर काय आहे? याचे उत्तर रसायनागणिक बदलते, आणि तो फरक समजून घेतल्याशिवाय चांगला सल्ला देता येत नाही.

बिस्फेनॉल ए आणि थॅलेट शरीरातून काही तासांत ते एक-दोन दिवसांत निघून जातात. ती लघवीत रोज सापडतात याचा अर्थ ती रोज नव्याने आत येत आहेत. त्यामुळे सवय बदलली की आकडा लगेच उतरायला हवा, आणि काही प्रयोगांत तो उतरलाही. पाच कुटुंबांतल्या २० जणांना तीन दिवस ताजे, डबाबंद नसलेले आणि प्लॅस्टिकचा स्पर्श टाळून तयार केलेले अन्न दिल्यावर त्यांच्या लघवीतले बिस्फेनॉल ए सरासरी ६६ टक्क्यांनी घटल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले. कॅलिफोर्नियातील सॅलिनास येथे १०० किशोरवयीन मुलींनी तीन दिवस अशी रसायने नसल्याचे लेबल असलेली निवडक प्रसाधने वापरली, तेव्हा सुगंधाशी निगडित थॅलेटचे प्रमाण २७ टक्क्यांनी आणि प्रसाधने टिकवण्यासाठी घातल्या जाणाऱ्या मिथिल पॅराबेनचे ४४ टक्क्यांनी उतरले.

याच्या अगदी उलट अनुभव सिएटलमध्ये आला. तिथल्या दहा कुटुंबांपैकी निम्म्यांना ताजे, प्लॅस्टिकमुक्त म्हणून खास बनवलेले जेवण पुरवले गेले आणि निम्म्यांना केवळ लेखी सूचनापत्रक दिले गेले. जेवण मिळालेल्या कुटुंबांत एका थॅलेटचे प्रमाण घटण्याऐवजी प्रचंड वाढले; शोध घेतल्यावर दळलेल्या धन्यांत आणि दुधात ते मोठ्या प्रमाणात सापडले. संशोधकांनी इतकी काळजी घेऊनही ते अन्नात शिरलेच. पत्रक मिळालेल्या कुटुंबांत म्हणण्यासारखा फरकच पडला नाही. डॉक्टर जेव्हा ‘पत्रके वाटून काय होणार?’ म्हणतात, तेव्हा त्यात निव्वळ आळस नसतो.

पीफासचे गणित आणखी वेगळे आहे. त्यांतली प्रमुख रसायने शरीरात निम्मी व्हायलाच काही वर्षे लागतात, म्हणून तीन दिवसांत काही बदलणार नाही. इथे तपासणीचा उपयोग वेगळ्या कामासाठी होतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी २०२२ साली डॉक्टरांसाठी मार्गदर्शन दिले, त्यात ज्यांचा संपर्क जास्त असण्याची शक्यता आहे त्यांना रक्ततपासणीचा पर्याय द्यावा असे सुचवले. पीफासची बेरीज प्रति मिलिलिटर २ नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर आरोग्यावर परिणाम अपेक्षित नाही, २ ते २० मध्ये असेल तर संपर्काचा स्रोत शोधून तो कमी करावा आणि कोलेस्टेरॉलकडे, गरोदरपणात रक्तदाबाकडे लक्ष ठेवावे, २० च्या वर असेल तर मूत्रपिंड व थायरॉइड यांच्याकडेही पाहावे, असे त्याचे साधारण स्वरूप आहे. रसायन काढून टाकता येत नसले तरी डॉक्टरच्या हाती करण्यासारखे काही आले, हा या मार्गदर्शनाचा खरा उपयोग. आकड्यांच्या अचूकतेवर वाद होऊ शकतो, पण मौनाहून ते बरे.

शिसे या सर्वांत हट्टी. रक्तातून ते महिन्याभरात निम्मे होते, पण बरेचसे हाडांत जाऊन बसते आणि तिथे दशकानुदशके राहते. गरोदरपणात आणि स्तनपानाच्या काळात आईच्या हाडांतून कॅल्शियम निघते तेव्हा त्याच्याबरोबर लहानपणी साठलेले शिसेही पुन्हा रक्तात उतरू शकते. म्हणून आहारात पुरेसे कॅल्शियम आणि लोह असावे, हा साधा वाटणारा सल्ला इथे नेमका ठरतो. त्याचबरोबर स्रोत शोधावा लागतो, आणि तो पोपडे निघालेला रंग आहे की नळ, भांडे, एखादे पारंपरिक औषध, बॅटरीचे काम की कामावरून कपड्यांबरोबर घरी आलेली धूळ, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

सल्ल्याचा भार कुणावर

जाणत्या परिचारिका आणि दाया आणखी एक गोष्ट लक्षात आणून देतात. ‘सेंद्रिय भाजी घ्या, काचेचे डबे वापरा, नवा रंग शिशाविरहित लावा’ हे सल्ले ज्याच्या खिशात पैसे आहेत आणि ज्याचे घर स्वतःचे आहे त्यालाच पाळता येतात. भाड्याच्या घरातल्या भिंती खरवडण्याचा अधिकार भाडेकरूला नसतो, फवारणीच्या शेतात राबणाऱ्या स्त्रीला काम सोडणे परवडत नाही. ज्यांचा संपर्क सर्वांत जास्त, त्यांनाच सल्ला पाळणे सर्वांत कठीण, अशी ही उलटी रचना आहे. शिवाय हा सगळा सल्ला जवळजवळ नेहमी आईलाच दिला जातो, जणू हवा-पाण्याची जबाबदारीही तिचीच आहे.

ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजला २०१३ साली याचा चटका बसला. सिद्ध न झालेल्या पण संभवनीय धोक्यांविषयीच्या आपल्या निवेदनात त्यांनी गरोदर स्त्रियांनी डबाबंद अन्न, प्रसाधने, कीटकनाशके कमी वापरावीत, इतकेच काय, या काळात नवे फर्निचर किंवा नवी गाडी घेणेही शक्यतो टाळावे असे सुचवले. हेतू प्रामाणिक होता आणि अनिश्चितता लपवलेली नव्हती. तरीही, हा सल्ला व्यवहारात पाळणे अशक्य आहे आणि तो स्त्रियांना विनाकारण धास्तावतो, अशी टीका झाली. त्याच वर्षी अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या आणि वंध्यत्वतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून जे निवेदन काढले, त्यात रुग्णाशी बोलण्याबरोबरच घातक रसायनांवर धोरणात्मक नियंत्रण आणण्याची मागणी होती, आणि २०१५ साली स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानेही तोच सूर लावला. दोन्ही बाजूंचे डॉक्टरच होते. फरक इतकाच की एकाने रुग्णाच्या हातात यादी दिली आणि दुसऱ्याने यादीतला मोठा भाग सरकारच्या दारात ठेवला. मला दुसरी वाट अधिक प्रामाणिक वाटते. अमेरिकेत एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या रक्तातील शिशाची सरासरी १९७६ ते १९८० या काळात १५ मायक्रोग्रॅमच्या आसपास होती, आज ती १ च्या खाली आहे. हे घडले ते पेट्रोल, रंग आणि डब्यांच्या सांध्यांतून शिसे हटवल्याने. सल्लापत्रकांनी ते झाले नसते.

मग खोलीत काय बोलावे?

या विषयात रुळलेले डॉक्टर सांगण्याआधी विचारतात. १७०० साली इटलीतील वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी यांनी, रुग्णाला विचारायच्या, प्राचीन ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिसपासून चालत आलेल्या प्रश्नांत ‘तुम्ही कोणता धंदा करता?’ या एका प्रश्नाची भर घालावी असे लिहून ठेवले होते. आजची विचारपूस त्याचाच विस्तार आहे: काम, घर, परिसर, पाणी, छंद, आहार, औषधे आणि घरातल्या इतरांचे काम. सगळे मिळून पाच मिनिटे लागतात, आणि ती डॉक्टरचीच असली पाहिजेत असे नाही. बऱ्याच ठिकाणी परिचारिका किंवा थांबण्याच्या जागेत भरून घेतलेला कागद हे काम करतो, आणि डॉक्टर फक्त ज्या उत्तरावर खूण आहे त्याविषयी बोलतात.

यामुळे बोलण्याचे स्वरूपच बदलते. सगळ्यांना सगळे सांगण्याची गरज राहत नाही. समजा एखादी स्त्री म्हणाली, ‘डॉक्टर, माझे यजमान जुन्या बॅटऱ्या फोडायचे काम करतात.’ अशा वेळी प्लॅस्टिकवर भाषण देणे निरर्थक आहे. ‘तुमची आणि मोठ्या मुलीची रक्ततपासणी करून घेऊ. यजमानांनी कामाचे कपडे बाहेरच बदलावेत, आंघोळ करून मगच मुलीला जवळ घ्यावे, आणि घरातली धूळ झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. तपासणीचा आकडा आला की पुढचे ठरवू,’ एवढे पुरे आहे. यात भीती आहे, पण तिच्याबरोबर करण्यासारखे कामही आहे. ज्या स्त्रीच्या उत्तरांत विशेष काही निघत नाही तिला, गरम अन्न प्लॅस्टिकमध्ये ठेवू नका, कीटकनाशकाची फवारणी घरात करू नका, हात धुऊन जेवा, अशा बिनखर्चाच्या दोन-तीन गोष्टी सांगितल्या की झाले. पुरावा पुढे कमी-जास्त ठरला तरी असा सल्ला पाळल्याने नुकसान काही होत नाही.

‘अजून पक्के ठाऊक नाही’ हे वाक्यही रुग्णाला सांगता येते, आणि डॉक्टर समजतात त्यापेक्षा रुग्ण ते अधिक शांतपणे ऐकून घेतात, असे मला वाटते. प्रसूतीची तारीख, बाळाचे वजन, औषधाचा गुण, यांतले काहीच पक्के नसते आणि ते सगळे रोज सांगितले जातेच.

अर्थात यासाठी डॉक्टरच्या पाठीशी कुणीतरी असावे लागते. वैद्यकीय शिक्षणात या विषयाला जागा नावापुरती आहे; अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या १९९० च्या दशकातील एका पाहणीत चार वर्षांत मिळून सरासरी सुमारे सात तास निघाले होते. त्या देशात १९९८ पासून बालकांच्या पर्यावरणीय आरोग्याची खास केंद्रे चालवली जातात, जिथे एखाद्या अनोळखी रसायनाविषयी डॉक्टर फोन करून तज्ज्ञाला विचारू शकतो. सगळे स्वतःला ठाऊक असण्याची अट सुटली की विचारण्याची भीडही सुटते.

विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे एकत्र पाहिली तर आणखी काही दिसते. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील फ्लिंट शहराचा पाणीपुरवठा एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी नदीकडे वळवला गेला आणि त्या पाण्यावर गंजरोधक प्रक्रिया न झाल्याने जुन्या नळांतले शिसे पाण्यात उतरू लागले. बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अटिशा यांनी आपल्या रुग्णालयात नेहमीच्या तपासण्यांतून जमलेल्या मुलांच्या रक्ताच्या नोंदी काढून आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी मांडले. ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे असलेल्या मुलांचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले होते (पुढे प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात २.४ वरून ४.९ टक्के). सप्टेंबर २०१५ मध्ये त्यांनी हे जाहीर केले, तेव्हा राज्याच्या अधिकाऱ्यांनी आधी त्यांचे आकडेच चुकीचे ठरवले आणि थोड्याच दिवसांत ते मान्य केले. ऑक्टोबरमध्ये शहराचे पाणी पुन्हा जुन्या स्रोतावरून सुरू झाले.